पाचकोनी नट

लालबागकर मोटारीची चाकंसुद्धा पळवतात, असं दादरच्या रावसाहेबांचं ठाम मत. म्हणून या शहाण्याने चाकांना पाचकोनी नट बसवले आणि त्यांचा एकुलता पाना बँकेच्या तिजोरीत ठेवला. मुलाच्या लग्नाच्या दिवशीच हरताळ, आणि नवरदेव आणि रावसाहेबांसकट गाडी पंक्चर झाली नेमकी लालबागला. बँक बंद. आम्ही लालबागच्या पोरांनी मिलमधले सगळे पाने लावून पाहिले, एकही बसेना. "नवरदेवाला चालत न्या की गिरगावच्या कार्यालयापर्यंत," आमच्या चाळीतली बकुळामावशी म्हणाली. "आमच्या घराण्यातला नवरदेव पायी?" रावसाहेब कडाडले. "मग पोरं गाडी उचलतील. तुम्ही फक्त पुढे चालत 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ओरडायचं." मुंबई वेगळीच बरी म्हणणाऱ्या त्या माणसाने मुहूर्त आठवून तोंड उघडलं. आम्ही गाडी खांद्यावर घेतली. खोटं वाटेल, पण घेतली. भायखळ्याला रावसाहेबांचा आवाज बसला, तशी आम्ही गाडी खाली ठेवली. आतून नवरदेव खेकसला, "बाबा, जोरात!"