वरून खाली

मुलुंडच्या केमो सेंटरमध्ये सात नंबरच्या खुर्चीवर सुनंदाताई पाय पसरून बसल्या होत्या आणि सिस्टरला तिसऱ्यांदा सांगत होत्या, "हे स्क्रीनवरचं सगळं आमच्या अनयनं बनवलंय हं."

"हो का? मग त्यांनाच विचारते," अक्षता सिस्टर म्हणाली. "दादा, आज मेन औषध सगळ्यात वर का दाखवतंय? रोज आधी उलटीचं, मग ॲलर्जीचं, मग ते असतं."

अनयनं वर पाहिलं. डॉक्टरांनी तीन औषधं ज्या क्रमानं टाकली, तशीच स्क्रीनवर यायला हवी होती. ॲलर्जीचं आधी गेलं नाही तर मेन औषधानं श्वास कोंडू शकतो, हे त्याला ठाऊक होतं. आईच्या पहिल्या केमोआधी त्यानं ते इतकं वाचलं होतं की पाठच झालं होतं.

त्यानं ऑफिसात फोन लावला.

"देवव्रत, रविवारी आपण प्रोग्राम नव्या कोडिंगच्या भाषेत नेला ना, त्यात औषधांचा क्रम कुठे साठवलाय?"

"कुठेच नाही. तुझ्या जुन्या कोडमध्ये तरी कुठे होता? जशी टाकली तशी बाहेर यायची."

"ती जुनी भाषा क्रम सांभाळायची. ही सांभाळते?"

पलीकडे कीबोर्ड खडखडला.

"नाही रे. हिच्यात दर वेळी क्रम कसाही येतो. मुद्दाम तसं ठेवलंय ती बनवणाऱ्यांनी, कोणी क्रमावर भरवसा ठेवू नये म्हणून."

"अरे, मग तपासलं कोणी?"

"मीच. दोनदा. दोन्हीदा बरोबर आलं, यार."

जुन्या कोडमध्ये प्रत्येक औषधाच्या क्रमांकासाठी एक रकाना जास्तीचा लागला असता. अनयनं तो वाचवला होता. त्या वर्षी सुटसुटीत कोडबद्दल त्याला ऑफिसात शाल आणि कुंडीतलं रोपही मिळालं होतं.

अक्षतानं मधल्या वेळात स्क्रीनवर पुन्हा बोट लावलं. यादी हलली. उलटीचं, ॲलर्जीचं, मेन.

"झालं बघा, आलं बरोबर! लावते मी."

"थांबा! काही लावू नका!"

सगळा हॉल वळला. सुनंदाताई लाजल्या. "ओरडतोस काय रे? सुधरलं ना आता?"

अनय त्यांच्याकडे बघत नव्हता. हॉलमध्ये बारा खुर्च्या होत्या, प्रत्येकीवर तसाच एक स्क्रीन. दोन वर्षांपूर्वी ह्याच हॉलमध्ये त्यानं सगळ्या सिस्टरांना ट्रेनिंग दिलं होतं. 'डोकं चालवायचं नाही, वरून खाली जायचं,' असं सांगितल्यावर सगळ्या हसल्या होत्या.

शेजारी आठ नंबरला काशीरामकाका डोळे मिटून पडले होते. त्यांच्या नळीत थेंब पडत होते. उशाशी शेवंती सिस्टर उभी होती. तिला इथे लागून आठवडाच झाला होता.

"ह्यांना पहिलं कुठलं लावलंत?" अनयनं विचारलं.

"वर होतं ते," शेवंती म्हणाली.

काशीरामकाकांनी डोळे न उघडताच शर्टाचं वरचं बटण काढलं. मग दुसरं.