नकाशातली अडगळीची खोली

सकाळपासून तोर्लाइफ आपल्याच स्वयंपाकघरात कोट-टोपी चढवून पाहुण्यासारखा बसला होता. मुलानं, आइविंडनं, न्याहारीच्या वेळीच बजावलं होतं. नगरपालिकेची बाई तपासणीला येणार, तासाभराचा प्रश्न आहे, विचारलंच कोणी तर तुम्ही नुसते कॉफीला आलात.

घराचं काम नुकतंच उरकलं होतं. वरची म्हाताऱ्याची खोली नातीला गेली आणि म्हातारा तळघरात आला. नकाशावर मात्र तळघरातली ती खोली अजून अडगळीचीच होती. तिथं माणूस झोपतो म्हटलं की नियम आडवे येतात. काँक्रीटची भिंत फोडून माणूस बाहेर पडेल एवढी खिडकी काढा, छताला धुराचा अलार्म लावा, तो वरच्या सगळ्या अलार्मना जोडा, म्हणजे एक बोंबलला की सगळे बोंबलतील. अडगळीला यातलं काही लागत नाही. सून मार्टे म्हणाली होती, पुढच्या उन्हाळ्यात नक्की करू. मनानं वाईट नव्हती ती. वाईट तिथं कोणीच नव्हतं, तीच तर पंचाईत होती.

तेव्हा घडीचा पलंग मिटला, गादी फ्रीजरमागे गेली, औषधं आणि दातांची वाटी बटाट्यांच्या खोक्यात. उशी तोर्लाइफनं स्वतः नेऊन दिली.

बाईचं नाव इंगुन. इकडे धुराडी झाडणारा माणूसच अलार्मही तपासतो, तशी ही आली, नखांत काजळी घेऊन. गावात नवीनच होती. धुराडं झाडून झालं तशी तिनं आइविंडला जिन्यातल्या अलार्मचं बटण दाबून धरायला सांगितलं आणि स्वतः एकेका झोपायच्या खोलीत जाऊन दार लावून घेऊ लागली. बंद दाराआड झोपलेला माणूस उठला पाहिजे, असा नियम आहे. नातीच्या खोलीतून ती कानावर हात ठेवूनच बाहेर आली आणि हसली.

मग ती तळघरात उतरली. तोर्लाइफ कप हातात धरून ऐकत राहिला. वर अलार्म नुसता किंचाळत होता, खाली दार लागल्याचा आवाज आला. बराच वेळ झाला, मग ती वर आली.

"खाली काही म्हणजे काही ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "भिंत आहे की किल्ला? तिथं कोणी झोपत नाही ना?"

ती भिंत तोर्लाइफनं स्वतः ओतली होती, बावन्न वर्षांपूर्वी, वीतभर जाडीची. एरवी कोणी नुसता विषय काढला असता तर तो तासभर बोलला असता.

"छे, कोणी नाही," आइविंड म्हणाला. मार्टे धुतलेलाच कप पुन्हा धूत होती.

तोर्लाइफला फार लागलं ते. आणि लागलं याची लाजही वाटली, कारण उशी कोणी उचलून दिली होती? इंगुननं कागदावर खुणा केल्या, सगळं व्यवस्थित आहे म्हणाली आणि दाराशी बसून बूट चढवता चढवता तिचं लक्ष त्याच्या कोटाकडे गेलं.

"आजोबा, तुम्हीही निघालात का? रस्ता नुसता बर्फानं गुळगुळीत झालाय. चला, मी सोडते."

तोर्लाइफनं मुलाकडे पाहिलं. राहू द्या, मी सोडीन त्यांना, एवढंच मुलानं म्हणायचं होतं. आइविंडनं कोपऱ्यातली काठी आणून त्याच्या हातात दिली.

"जपून जा, बाबा."

गाडीत बसल्यावर तिनं विचारलं, कुठे सोडू? तोर्लाइफच्या खिशात आत्ताच सोडलेल्या घराची किल्ली होती. म्हातारा माणूस राहतो असं सांगितलं तर पटेल, असा दुसरा एकच पत्ता त्याला ठाऊक होता. तीन वर्षांपूर्वी मुलानं तो पत्ता नुसता सुचवला होता, तेव्हा मेलो तरी त्या दारात पाय ठेवणार नाही म्हणून तो आठवडाभर कोणाशी बोलला नव्हता.

"खाली, फ्योर्डच्या खाडीकाठी, वृद्धाश्रमात," तो म्हणाला.

छान जागा आहे ती, इंगुन म्हणाली. मागच्याच आठवड्यात ती तिथले अलार्म तपासून आली होती, प्रत्येक पलंगावर एकेक. वाटभर ती बोलत होती. तोर्लाइफचा बेत सोपा होता. फाटकाशी उतरायचं, ती गेली की पलीकडून परतीची बस धरायची. पण ती पडली भली बाई. तुम्ही आत जाईपर्यंत थांबते म्हणाली आणि इंजिन सुरू ठेवून बसून राहिली. तो दारापर्यंत गेला, वळून पाहिलं. तिनं हात हलवला. आता नाइलाज होता. त्यानं घंटा दाबली.

आत टेबलामागच्या बाईनं मान वर केली आणि कोणाला भेटायचंय म्हणून विचारलं.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. आइविंड होता. "बाबा, ती गेली असेल तर या आता घरी. गादी घातलीय परत." तोर्लाइफनं ऐकून घेतलं आणि फोन बंद करून खिशात ठेवला. मग टोपी काढली.

"भेटायचं कोणाला नाही," तो बाईला म्हणाला. "एक खोली बघायची होती. माणूस झोपतो असं कागदावर लिहिलेली."