निंबखेड्यांचं सुतक

रामदासनं दाढीला साबण लावला, तेवढ्यात मोबाइल वाजला. खान्देशी समाजाच्या ग्रुपवर निधनाची बातमी होती. सुपडू निंबखेडे, वय एकाहत्तर, राहणार भेस्तान, सुरत. रामदासनं ती दोनदा वाचली आणि तोंड धुऊन टाकलं. दाढी तशीच राहिली. निंबखेड्यांपैकी कोणीही गेलं तरी प्रत्येक निंबखेड्यानं दहा दिवस सुतक पाळायचं, वस्तरा लावायचा नाही, घरात शुभकार्य करायचं नाही, हा त्याच्या वडिलांचा, राघोंचा कायदा होता.

कोणीही म्हणजे होते तरी किती? राघो सांगायचे, गिरणेच्या काठाला निंबखेडं नावाचं गाव होतं, ते एका पुरात गेलं. वाचलेली माणसं चार दिशांना पांगली आणि जिथं गेली तिथं निंबखेडे झाली. गाव उरलं ते एवढ्या आडनावात. पाटील काय, सुरतेच्या या गोडादऱ्यात पायलीचे पन्नास. निंबखेडे मात्र खान्देशात दोन घरं, नाशकात एक आणि सुरतेत रामदासचं एकट्याचं. मतदानाला गेला की हा बाबा स्वतःचं नाव सापडल्यावरही यादीची पानं चाळत बसायचा. मागचे लोक ओरडायचे. दुसरा निंबखेडे काही सापडला नाही, आणि सापडला तो असा, गेल्यावर. रामदासला फार वाईट वाटलं.

त्याच्या बायकोला, इंदुबाईला वाईट वाटलं ते वेगळ्याच कारणानं. रविवारी पल्लवीचा साखरपुडा होता. लेकीची दोन स्थळं हातची गेल्यावर हे कुठं जमत आलं होतं.

"कोण शे तो आपला?" इंदुबाईनं विचारलं.

रामदासला सांगता येईना. तरी त्यानं पल्लवीच्या होणाऱ्या सासऱ्यांना, सुकदेवअण्णांना फोन लावला आणि भावकीत सुतक आल्यानं रविवार जमणार नाही, असं कळवलं. अण्णांचा आवाज उतरला. मुलाला कंपनीतून परत रजा मिळायची नाही, पाहुण्यांना निरोप गेलेत, म्हणाले. मग नुसतं 'बघू' म्हणून फोन ठेवला. त्या 'बघू'नं इंदुबाईला हेही स्थळ हातचं गेल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या दिवशी रामदास मुलाला, नितीनला घेऊन भेस्तानला गेला. सुपडूच्या बायकोला, अनुसयाबाईंना दोन मुली होत्या, दोघीही सासरच्या. पुरुषमाणूस असा घरात कोणीच नव्हता. दुःखाच्या घरात थोडा वेळ गप्प बसायचं असतं, पण रामदासला कुठला धीर? बसल्या बसल्या त्यानं विचारलं, तुमची शाखा कोणती, मूळ घर कोणत्या गावचं?

अनुसयाबाईंनी त्याला नीट न्याहाळलं. मग त्यांनी विचारलं, राघोबाबांचे का तुम्ही? आणि सगळं सांगितलं.

बहात्तरच्या दुष्काळात सुपडू एकटाच सुरतेला आला होता. आईबाप त्याला आठवत नव्हते, आडनाव कोणी लावलंच नव्हतं. लूमच्या कारखान्यात मुकादम पूर्ण नाव विचारायचा आणि अर्धं सांगणाऱ्याला दारातूनच हाकलायचा. रांगेत सुपडूच्या मागं राघो उभे होते. ते मुकादमाला म्हणाले, "लिही, सुपडू राघो निंबखेडे." मुकादम हसला, कारण बापलेकात जेमतेम तेरा वर्षांचं अंतर दिसत होतं. पण त्यानं लिहिलं. पुढं कारखाना बंद पडला, राघो गोडादऱ्याला गेले, सुपडू भेस्तानला आला. नाव मात्र तेच राहिलं.

रामदासनं सगळं ऐकलं. म्हणजे हा निंबखेडे नव्हताच. सुरतेत आपण एकटेच होतो, एकटेच राहिलो.

बाहेर गल्लीत आल्यावर नितीन अर्धं मराठीत, अर्धं गुजरातीत म्हणाला, "पप्पा, रक्ताचं नातंच नाही, तर सुतक शानुं?"

पोरगं खोटं बोलत नव्हतं. रामदासनं तिथूनच अण्णांना फोन करून रविवार पक्का केला. अण्णा एकदम खूश झाले, जेवणात काय ठेवायचं तेही विचारायला लागले. नितीननं फोनवर आईलाही कळवून टाकलं. सगळं सुरळीत झालं.

निघावं, तर अनुसयाबाईंना न सांगता कसं जायचं, म्हणून तो पुन्हा आत गेला. सुतकाच्या घरातून उठताना 'येतो' म्हणायचं नसतं. तो नुसताच हात जोडून उभा राहिला.

अनुसयाबाईच बोलल्या. राघोबाबा गेले तेव्हा यांनीही घरी दहा दिवस पाळले होते. दहाव्याला तापीवर जाऊन डोक्याचे केस काढून आले. तुम्ही विधीला बसला होता, हे चार पायऱ्या सोडून बसले होते. मी म्हटलं, जवळ का नाही गेलात? तर म्हणाले, त्यांच्या पोराला वाटेल, शेताचा वाटा मागायला आला.

रामदास पुन्हा खाली बसला. त्याला रडू आवरेना. नितीन दारातून खुणावत होता, चला म्हणून. रामदासनं तिथंच बसून पुन्हा फोन लावला आणि सांगितलं, अण्णा, रविवारी नाही जमायचं.

आता मात्र सुकदेवअण्णा भडकले. आधी नाही, मग हो, आता परत नाही. पोरीचं लग्न करायचंय की खेळ मांडलाय?

"आणि असं गेलंय तरी कोण तुमचं?"

"माझा थोरला भाऊ," रामदास म्हणाला.