न संपणारी बाटली

"थेंबांची बाटली महिन्यात संपायला हवी. तुमच्या बाबांची तीन-तीन महिने पुरते," डोळ्यांच्या दवाखान्यातली औषधवाली एकदा म्हणाली होती.

"आमचे बाबा शिंपी आहेत. चिंधी टाकत नाहीत, औषध काय सांडणार?" औषध घ्यायला गेलेली ती हसून म्हणाली होती. औषधवालीही हसली होती.

त्या दिवशी भरदुपारी ती बाबांच्या दुकानात, नळाखाली लेकीचा हात धरून उभी होती. मनगटापासून बोटांपर्यंत कातडी लालबुंद झाली होती. पोर रडून दमली होती, आता नुसते हुंदके देत होती.

बाबांनी वेगळं काहीच केलं नव्हतं. पँटची शिवण दाबली आणि इस्त्री, गेली चाळीस वर्षं ठेवतात तशी, न बघता उजवीकडे ठेवली. तिथे नातीचा हात होता.

"आली कधी ही?"

"केव्हाची उभी होती, बाबा. तुमच्या कोपराला खेटून."

"दिसली नाही गं."

दुकानात लख्ख ऊन होतं.

मलमासाठी तिने खण ओढला. बटणं, बॉबिनी, खडूचे तुकडे, आणि त्यांच्याखाली काचबिंदूच्या थेंबांच्या बाटल्या. पाच. चार बाटल्यांची सीलंसुद्धा फोडलेली नव्हती.

"मी रोज फोनवर विचारत होते. तुम्ही 'घातले' म्हणायचात."

"घालतो की. तपासणीच्या आधी दोन दिवस. डोळ्यांचं प्रेशर बरोब्बर येतं." मग जरा खालच्या आवाजात, "झोंबतात गं ते. तासभर सगळं धूसर. हातात गिऱ्हाइकाचं कापड असतं. आणि ह्या वयात डोळे कमी व्हायचेच. पण काम अडलंय का? हे बघ."

त्यांनी सुई उचलली आणि एका झटक्यात दोरा ओवून दाखवला.

काचबिंदू नजर कडेकडेने कुरतडत येतो, समोरचं सगळ्यात शेवटी नेतो आणि नेलेलं परत देत नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी दोघांनाही सांगितलं होतं. लेकीच्या लशींच्या तारखा तिला तोंडपाठ होत्या. हा खण तिने एकदाही उघडला नव्हता.

तिने एक बाटली घेतली आणि बाबांच्या उजव्या डोळ्याच्या बाजूला, जरासं पुढे, वीतभर अंतरावर धरली. "समोर भिंतीकडे बघा. माझ्या हातात काय आहे?"

"आधी हात तर पुढे आण," बाबा म्हणाले.

तिचा हात तिथेच राहिला. बाबा वाट बघत राहिले. मग त्यांना कळलं. त्यांनी सुई सुयांच्या उशीला टोचून ठेवली.

फडकं गुंडाळलेला हात सांभाळत पोर खुर्चीमागून वळसा घालून त्यांच्या डाव्या बाजूला आली. "आजोबा, बाऊ."

किती तरी दिवस ती आजोबांकडे डावीकडूनच जायची; आज तेवढी उजवीकडे उभी राहिली होती. आईला ते आत्ता आठवलं.

हल्ली ओळखीचं कुणी भेटलं की ती हटकून सांगते. तुम्ही भेटलात तर तुम्हालाही सांगेल. घरात थेंब घालणारं कुणी म्हातारं माणूस असेल, तर त्याला 'घातले का' म्हणून विचारू नका. आजच जा, बाटली उचला, कानाशी हलवून बघा. महिनाभराची असेल, तर रिकामी निघो.