माद्यांची हाडं

तिसरं हाडही खडूसारखं मोडलं.

प्रयोगशाळेतल्या मदतनीस बाईने आकडा टिपला आणि यंत्राकडे रागाने पाहिलं. दोन टेकूंवर उंदराच्या मांडीचं हाड ठेवायचं, वरून दाब वाढवत न्यायचा, किती दाबाला मोडतं ते लिहायचं. अकरा वर्षं ती हेच करत होती. हाडं बळकट करणारं नवं औषध दिलेल्या कोवळ्या नरांची हाडं सकाळी मोडता मोडत नव्हती. आता माद्यांची पाळी होती.

"यंत्र बिघडलंय बहुतेक," ती म्हणाली.

संशोधक मॅडमनी औषध न दिलेल्या मादीचं हाड ठेवून पाहिलं. ते चांगलं तग धरून राहिलं.

"यंत्र ठणठणीत आहे. नरांना औषध मानवलं. माद्यांची हाडं नुसती लांबली, आतून पोकळ झाली."

"माणसांच्या मुलींनाही असंच होईल?"

"माणसांना कोण देतंय एवढ्यात?" मॅडम हसल्या.

मदतनीस बाईने मोडलेलं हाड पुन्हा उचलून पाहिलं. आठ महिने ती त्याच औषधाची पूड डबीत भरून घरी नेत होती. तिची थोरली तेरा वर्षांची. पाच वेळा हाडं मोडलेली, डॉक्टरांनी हात टेकलेले. रोज सकाळी दुधात चिमूटभर पूड घालून, पेला थोरलीच्या हाती देऊन ती कामाला निघायची. तेव्हापासून पोरीचं एकही हाड मोडलं नव्हतं. धाकटीची काळजी कधी नव्हतीच. सातव्या वर्षीच तिला ताईचे कपडे येऊ लागले होते.

घरी पोचेपर्यंत तिच्या कानात तोच आवाज होता. कट्. फाटकाची कडी काढली, कट्. कुलूप उघडलं, कट्.

थोरली टेबलाशी अभ्यास करत होती. आईने तिचा हात धरला आणि चटका बसल्यासारखा सोडला.

"उठू नकोस. दुधातलं औषध आजपासून बंद. हाडं पोकळ होतात गं त्याने. चुकलं माझं, बाळा."

थोरली पांढरीफटक पडली.

"आई, मी ते दूध कधी प्यायलेच नाही."

आई हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. लेकीने खोटेपणा केला म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच तिने देवाचे आभार मानले.

"ओतून द्यायचीस होय! शहाणी गं माझी!"

थोरली हसली नाही. बाहेर अंगणात धाकटी दोरीवरच्या उड्या मोजत होती. अडतीस, एकोणचाळीस.

"ओतलं नाही, आई," थोरली अंगणाकडे बघत म्हणाली. "तूच म्हणाली होतीस ना, याने हाडं लोखंडासारखी होतात. माझी तर मोडून झालीच होती. तिची मोडू नयेत, म्हणून मी रोज तिला पाजत होते."