वाढीव लोड

सकाळी सव्वाअकराला जुन्याच मनोऱ्यांवरच्या नव्या तारांमधून वीज सोडण्यात आली. बेकरीवालीची विजेची भट्टी वर्षभर चादर पांघरून बसली होती, कारण लावली की गल्लीभर दिवे माना टाकायचे आणि शेजारचा शिंपी ओरडायचा, "ताई, तुमच्या पावापायी माझं मशीन उपाशी!" तारा बदलणारे तिचे लाइनमन बाबा तेव्हा म्हणायचे, "लोड घेऊ नकोस." आज त्यांचाच फोन आला. "दुप्पट वीज वाहतेय, पोरी. आता घे लोड!" "किती?" "पोटभर!" तिने भट्टी लावली, पीठ मळायचं यंत्र लावलं, पंखेही. दिवे जराही मंदावले नाहीत. भिंतीपलीकडून शिंपी ओरडला, "ताई, लावा की भट्टी, घाबरता कशाला?" "लावलीये!" शिंप्याचं मशीन थांबलं. वीज गेली नव्हती. शिंपीच मशीन सोडून तिच्या दारात उभा होता. पाव भट्टीत फुगताहेत. पहिला पाव शिंप्याचा की बाबांचा, हा त्या दोघांचा वाद फोनवर चालू आहे.