राजकुमारची घागर

"घागरीवर मोर काढू का फूल?" काजलनं विचारलं, आणि कुणी काही म्हणायच्या आत चुन्यात काडी बुडवलीसुद्धा.

"आधी गेरू वाळू दे न व! सारा लेप होईन," प्रेम ओरडला. तो मोठा, पाचवीतला. त्याला सगळं नीटनेटकं लागायचं.

योगिनी ओसरीत बसून उन्हातल्या कुरडया डब्यात भरत होती. उद्या आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. गेलेल्या माणसांना उन्हाळ्याची तहान लागते, म्हणून त्यांच्या नावानं घरोघरी पाण्याची घागर भरायची. अमडापुरातल्या या घरात दरवर्षी सासऱ्यांची एकच घागर असायची. यंदा कुंभाराकडून दोन आल्या होत्या. दुसरी राजकुमारची, योगिनीच्या नवऱ्याची. तीच रंगवायला पोरं बसली होती.

काजल पोटात असताना राजकुमार सुरतेला कामाला म्हणून गेला, तो गेलाच. ना फोन, ना निरोप. योगिनीच्या भावानं सुरतेत जाऊन कारखाने पालथे घातले, पोलिसांत तक्रार दिली, हात हलवत परत आला. आता काजल दुसरीत गेली. गावानं तर राजकुमारला केव्हाच मेला ठरवलं होतं.

ठरवलं नव्हतं ते एका शालूबाईंनी, त्याच्या आईनं. दर आखाजीला कुणीतरी विषय काढायचं आणि त्या एका वाक्यात मिटवायच्या, "जित्त्या माणसाची घागर भरत नसतेत."

आईच्या काळजापुढे कोण काय बोलणार हो! पण ही आई कधी वाटेकडे डोळे लावून बसली नाही. नवस केला नाही, देवऋषी गाठला नाही, लोकांत रडली नाही. बाया म्हणायच्या, म्हातारी दगडाची आहे. योगिनीला ते पटायचं नाही. दुःख गिळून बसलेलं माणूस असंच दिसतं, असं तिला वाटायचं.

यंदा होळीनंतर भावानं गोपाळचं स्थळ आणलं. देऊळघाटचा, शाळेत कारकून, बायको वारलेली, मूलबाळ नाही. घरी आला तेव्हा चहा पिता पिता प्रेमच्या सायकलची चेन बसवून दिली त्यानं. काजल जाताना त्याचं बोट सोडेना. योगिनीचं मन बसलं त्याच्यावर, खोटं कशाला बोलायचं! इतकी वर्षं ना सवाष्ण ना विधवा अशी लटकून ती थकली होती. पण गोपाळनं जाताना साफ सांगितलं, "तुमच्या सासूबाईंचा शब्द पाहिजे. त्यायचा जीव दुखवून मले संसार नाही मांडायचा."

आणि शालूबाईंचा शब्द म्हणजे घागर. ती भरली नाही तर राजकुमार जिवंत, आणि योगिनी त्याची बायको.

शेवया करताना तिनं धीर एकवटून विषय काढला. शालूबाईंचे हात थांबले. त्या म्हणाल्या, "पोरायले जीव लावीन का तो?"

"लावतीन, आत्याबाई."

"मंग दोन घागरी सांगजो कुंभाराले."

बस्स, एवढंच. योगिनी आत जाऊन तोंडात पदर कोंबून रडली. स्वतःच्या सुखापायी आपण एका आईकडून तिचा लेक मारून घेतला, हे तिच्या मनातून जाईना.

आखाजीच्या सकाळी घागरी गव्हावर मांडल्या. मोर काढता काढता बदक झालं होतं, पण काजल खूश होती. प्रेमनं बापाच्या घागरीत पाणी ओतलं. शालूबाईंनी वर आंबा ठेवला, निखाऱ्यावर घास टाकला, लेकाचं नाव घेतलं. आवाज जरासुद्धा हलला नाही.

"आजी, पप्पा हे पाणी पेतात का?" काजलनं विचारलं.

"पेतात. पोटभर पेतात. मंग त्यायले इकडची याद येत नाही."

मग त्या योगिनीकडे वळल्या. "पोरी, गळ्यातलं काढून ठेव. आता मोकळी झाली तू."

योगिनीचा हात गळ्याशी गेला आणि तिथेच राहिला. शालूबाईंनी स्वतःच्या हातानं मंगळसूत्र काढलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बाहेर गेल्या.

पोरं आमरसावर तुटून पडली. शालूबाईंचं ताट तसंच होतं. योगिनीनं ते उचललं आणि मागच्या दारानं गोठ्याकडे निघाली. पाय धरायचे, माफी मागायची, आणि मग आपल्या हातानं घास भरवायचा, असं तिनं ठरवलं होतं.

गोठ्याच्या कुडाशी ती थबकली. आत शालूबाई रडत होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. माउली शेवटी फुटली म्हणायची! योगिनी पुढे पाऊल टाकणार, तोच तिला दिसलं की त्यांच्या कानाला फोन होता.

"हाव, झाला सण. तिकडच्या बायको-पोरायले नीट सांभाळ... नाही, प्रेमले फोन नाही देत. आयक राजू, आता याच्यापुढं कधी फोन करजो नको. आज तुह्या नावाची घागर भरली म्या."